दोन झटके

दोरी मुकादम स्वतःच धरायचा. हाताखाली माणसं होती, पण दुसऱ्या कुणाच्या हातात ती द्यायचा नाही. त्याची बायको जाऊन चौदा महिने झाले होते आणि खाली पाइपात उतरायचा तो तिचा धाकटा भाऊ. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत ती म्हणाली होती, तो तुमच्या धंद्यात पडलाच आहे, तर निदान दोरी तुम्ही धरत जा. एवढंच तिने मागितलं होतं.

काम हमरस्त्याखालचं. साठ वर्षांची विटांची गटारलाइन, माणूस वाकून चालेल एवढी. सांधे सुटले होते, माथ्याच्या विटा ढिल्या झाल्या होत्या. वरच्या बाजूला रबरी फुगा फुगवून मैलापाणी अडवलं होतं आणि पंप ते बाहेरून पुढे ढकलत होता. रस्ता मात्र चालू. तो बंद केला तर अर्धं शहर अडकेल, असं साहेबांनी बजावलं होतं.

मेनहोल रस्त्याच्या कडेला होतं. तिथून लाइन वळायची आणि थेट चाकांखाली जायची. वळणापलीकडे वॉकीटॉकी चालत नसे, म्हणून दोरी. एक टोक मेहुण्याच्या कमरेला, दुसरं मुकादमाच्या मुठीत. संध्याकाळी मेहुणा आपलं टोक सोडून दोरी आतच ठेवायचा आणि सकाळी पुन्हा बांधायचा. वरून एक झटका म्हणजे 'काय रे?', खालून दोन म्हणजे 'ठीक', तीन म्हणजे 'ओढा मला'.

मेहुणा अंगाने एवढासा, सगळे त्याला काडी म्हणायचे. सकाळी उतरताना पंपवाल्याने विचारलं, भीती वाटते का रे? तर म्हणाला, ते खातं दाजींकडे आहे, ते वर बसून दोघांपुरतं घाबरतात.

खोटं नव्हतं. दर दहा मिनिटांनी मुकादम झटका द्यायचा आणि उत्तर येईपर्यंत त्याचा श्वास अडायचा. दोन झटके आले की जीव भांड्यात पडायचा.

साडेअकराला तीन झटके आले.

मुकादम पाय रोवून ओढू लागला. पंपवाला धावत आला. दोरी हातभर वर आली, ताणली आणि अडकली. दोघांनी जोर लावला तरी हलेना. मग दोरीने पुन्हा दोन झटके दिले. ठीक. पंपवाला हसला. म्हणाला, चेष्टा करतोय लेकाचा, वर आला की एक कानाखाली वाजवा.

मुकादमही हसणार होता, तेवढ्यात त्याची नजर रस्त्यावर गेली. तीन आसांचा एक लांबलचक ट्रेलर पुढे निघून चालला होता. मागून लॉरी आली. तिचं पुढचं चाक रस्त्याच्या भेगेवरून गेलं, मुठीत दोरी हलली. मागचं चाक गेलं, पुन्हा हलली. त्यामागे दुसरी लॉरी. दोन झटके.

त्याने काही विचारलंच नव्हतं.

"हा तो नाही," मुकादम म्हणाला. पंपवाल्याला कळेना. "दोरी विटांत अडकलीय. मला रस्ता उत्तर देतोय."

मग त्याने दोरी टाकली, लाल झेंडा उचलला आणि सरळ गाड्यांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. ब्रेक किंचाळले. मरायला आमचीच गाडी सापडली का, असं कुणी ओरडलं, कुणी आईबाप काढले. एक ड्रायव्हर बाह्या सरसावत खाली उतरला.

"माझा माणूस खाली आहे," मुकादम म्हणाला. "इंजिन बंद कर."

ड्रायव्हरने त्याचा चेहरा पाहिला. मुकाट्याने मागे गेला, किल्ली फिरवली आणि पलीकडच्या गाड्यांना स्वतःच हात करू लागला. खालचा आवाज ऐकायचा तर पंपही बंद करावा लागणार होता. फुगा फार वेळ धरणार नाही, असं पंपवाला म्हणत होता. मुकादमाने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. पंप थांबला.

मुकादम मेनहोलच्या तोंडाशी पालथा पडला. दोरी आता मेल्यासारखी लोंबत होती. त्याने झटका दिला. काही नाही. त्याने जिवाचा कान केला.

टक्.

बराच वेळ गेला. टक्. विटेवर लोखंड. बडवून बडवून थकलेल्या हाताचं.

पंप पुन्हा सुरू करायला सांगून आत मुकादमच गेला. वळणापलीकडे माथ्याचा तुकडा खाली आला होता आणि काडी कमरेपर्यंत मातीत गाडला गेला होता. मुकादम हातांनी विटा काढू लागला. वर हॉर्न सुरू झाले होते. एक लॉरी जरी हलली असती, तरी उरलेला माथा दोघांवर आला असता. वीस मिनिटं लागली. मुकादमाची नखं फाटली, ते त्याला बाहेर आल्यावर कळलं.

काडीला कडेला निजवलं. एक पाय सुजला होता. रुग्णवाहिका यायची होती. केव्हापासून ठोकत होता, असं मुकादमाने विचारलं. नवापासून असेल, असं तो म्हणाला. मुकादमाला लपवता आलं नाही. दर वेळी दोन झटके येत होते, मी नीट समजून बसलो होतो, असं त्याने सांगून टाकलं.

काडी कोपरावर उठला.

"दाजी, तुमचा झटका मला परवापासून लागलेला नाही. मला वाटलं, आता तुमचा विश्वास बसला. म्हणून मीही देत नव्हतो."

काल दुपारी मुकादमाने एका हाताने डबा खाल्ला होता, दुसऱ्या हातात दोरी धरून, अगदी निवांत.

मागे गाड्या सुटल्या. भेगेवरून लॉरी गेली आणि खालची जमीन थरथरली. मुकादमाने काडीचं मनगट घट्ट धरलं.

"आहेस ना?"

"आहे, दाजी."

पुढची लॉरी आली. त्याने पुन्हा विचारलं.