कॉर्बीहोपची सोपवणूक

"मिस्टर कॉर्बीहोप, या लापशीत चुकून मीठ पडलंय," पाहुण्या बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"चुकून नाही, घातलंय," म्हातारा वाडग्यातून मान वर न काढता म्हणाला. "गोड लापशी खाणारी माणसं तिकडं खाली, इंग्लंडात. त्यांचे दात बघा कधी. आणि ते मिस्टर काढा. नुसतं कॉर्बीहोप."

"मामा, पाहुण्यांना घाबरवू नकोस," चुलीपाशी उभी असलेली नेटी ओरडली. नेटी त्याची भाची. प्रवाशांसाठी राहण्या-जेवणाची सोय चालवायची, आणि त्याच घराच्या मागच्या खोलीत मामालाही ठेवून घेतलं होतं. "लोकांना परत यावंसं वाटलं पाहिजे."

"कशाला? इथले सगळे जण इथून जायला बघतात, यांनीच का परत यावं?"

पाहुण्या बाई हसल्या. मर्ल बीटी त्यांचं नाव. साठी उलटलेली, मनगटं लोहारासारखी. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला भावाबरोबर जन्मभर मेंढरं राखलेली. त्यांच्या खापरपणजोबांनी या खोऱ्यातली कॉर्बीहोप नावाची वाडी सोडली, बायको आणि एक किटली घेऊन न्यूझीलंडची बोट धरली, आणि तिकडे जमीन मिळाल्यावर तिलाही कॉर्बीहोप हेच नाव ठेवलं. त्यामुळे आदल्या संध्याकाळी नेटीनं "हे कॉर्बीहोप" अशी ओळख करून दिली, तेव्हा बाईंना वाटलं, हरवलेला चुलतभाऊच सापडला. त्यांनी म्हाताऱ्याला कडकडून मिठी मारली. म्हाताऱ्याला कुणी अशी मिठी मारून बरीच वर्षं झाली होती. तो खांबासारखा उभा राहिला आणि सुटका झाल्यावर आपली टोपी शोधू लागला.

नात्याचा प्रश्नच नव्हता. या खोऱ्यात लेडलॉ आडनावाची माणसं इतकी, की बाजारात "ए लेडलॉ" म्हणून हाक मारली तर निम्मा बाजार वळतो, एक-दोन कुत्रीही वळतात. म्हणून माणसाला हाक मारायची ती त्याच्या वाडीच्या नावानं. वाडी ज्याच्याकडे, नाव त्याचं. अ‍ॅडम लेडलॉनं, म्हणजे या म्हाताऱ्यानं, ऐन तरुणपणी कॉर्बीहोप जमीनदाराकडून खंडानं कसायला घेतली, आणि त्या दिवसापासून त्याला अ‍ॅडम म्हणणारी दोनच माणसं उरली: डॉक्टर आणि बायको. बायको जाऊनही आता बराच काळ लोटला होता. अ‍ॅडम हे नाव होतं त्याच्यापाशी, पण पेटीतल्या ठेवणीच्या कोटासारखं. बारशाला वापरलेलं, आता थेट मयताला काढायचं.

नाव सोपवण्याची रीतही ठरलेली. जाणारा माणूस चुलीत पीटची एक वीट सरकवतो. पीट म्हणजे डोंगरावरच्या दलदलीतून कापून वाळवलेलं जळण. मग येणाऱ्याच्या हातात चिमटा देतो आणि म्हणतो, "सांभाळ, कॉर्बीहोप." बस्स, एवढंच. चूल विझत नाही आणि नावही विझत नाही. म्हाताऱ्या रॅब टर्नबुलनं असाच चिमटा अ‍ॅडमच्या हातात दिला होता. उंबऱ्याच्या आत रॅब कॉर्बीहोप होता, बाहेर पाऊल पडलं तेव्हा रॅब टर्नबुल झाला, आणि गाडीपाशी पोचेपर्यंत चांगला दहा वर्षांनी म्हातारा दिसू लागला.

पण तीन वर्षांपूर्वी जमीनदाराच्या मुलानं वाडीचा सबंध डोंगर झाडं लावणाऱ्या एका कंपनीला विकला. मेंढरं खाली नदीकाठच्या एका वाडीवाल्याला गेली. ताबा घ्यायला कंपनीतर्फे एक तरुण आला. चांगला होता, बूट पुसून आत आला. अ‍ॅडमनं चुलीत वीट सरकवली आणि चिमटा हातात धरून वाट बघत राहिला. तरुणानं विजेचा मीटर कुठंय ते विचारलं. मग चुलीकडे बघून म्हणाला, "जाताना तेवढं विझवून टाका हां, काका."

अ‍ॅडमनं विझवलं. अर्धवट जळालेली वीट वर्तमानपत्रात गुंडाळली आणि नेटीच्या ओसरीत बुटांच्या फळीवर आणून ठेवली. नेटीनं ती दोनदा फेकली, त्यानं दोनदा परत आणली.

तेव्हापासून नाव त्याच्याकडेच अडकून पडलं होतं. खोऱ्यातली माणसं त्याला अजून कॉर्बीहोपच म्हणायची; कंपनीला काय म्हणून हाक मारणार? आणि प्रत्येक हाकेला त्याला चोरून आणलेली वस्तू अंगावर घालून हिंडल्यासारखं व्हायचं. आपण हे नाव घेऊनच मातीत गेलो तर? कुलूप लावून किल्ली नदीत टाकण्यासारखंच ते.

म्हणून बाईंनी "आमची माणसं कॉर्बीहोपची" असं म्हटल्यापासून त्याच्या जिवाला चैन नव्हतं. आज सकाळी बाईंना वाडी दाखवायला निघताना त्यानं कोट चढवला तेव्हा उजवा खिसा फुगलेला होता. बुटांची फळी रिकामी बघून नेटीला कळायचं ते कळलं.  ती नुसतं म्हणाली, "जपून जा. कंपनीची माणसं वर कुठल्याशा मेंढीवर पिसाळलीत. रोपांचे शेंडे खाते म्हणे, आणि सापडत नाही."

"असेल कुणाची तरी चुकार," म्हातारा म्हणाला.

गाडी मर्लबाईंनी चालवली, कारण डॉक्टरनं म्हाताऱ्याचं लोणी आणि गाडीचा परवाना एकाच दिवशी बंद केला होता. वाटेत घराण्याघराण्यांच्या जुन्या मारामाऱ्यांच्या काळातला एक पडका बुरुज लागला. बाईंनी वेग कमी केला.

"थांबायचं का? सगळे थांबतात," म्हातारा म्हणाला. "मी नेटीच्या पाहुण्यांना आडनाव विचारतो. एलियट असले तर सांगतो, तुमच्या पूर्वजांनी बांधला. दुसरे कुणी असले तर सांगतो, तुमच्या पूर्वजांनी जाळला. दोघंही खूश होऊन फोटो काढतात."

"आणि बीटी असले तर?"

"बीटी?" त्यानं बुरुजाकडे नीट पाहिलं. "बीटी खाली उभं राहून दुसऱ्यांची घोडी धरत असणार."

"आणि परत देताना एखादं कमी देत असणार."

"हां! म्हणजे तुम्हाला घराणं माहीत आहे तर. उगाच एवढ्या लांब आलात."

फाटकापाशी गाडी ठेवून दोघं चालू लागले. फाटकावर कंपनीची पाटी होती: आग पेटवण्यास सक्त मनाई. जिथं पूर्वी उघडा डोंगर होता, तिथं आता स्प्रूस या सुईसारख्या पानांच्या झाडाची रोपटी माणसाच्या छातीपर्यंत आली होती, शाळेतल्या रांगांसारखी. म्हातारा काठीच्या आकडीनं फांद्या बाजूला करत पुढे जात होता. इथं विहीर, इथं कोकरांचा वाडा, असं काही तो सांगेल म्हणून बाई वाट पाहत होत्या. त्यानं काहीच सांगितलं नाही. सांगायला त्याला स्वतःलाच ते सापडत नव्हतं.

मर्लबाई मध्येच वाकल्या. "इथं मेंढी आहे."

"हरणाच्या लेंड्या असतील."

"चाळीस वर्षं लेंड्यांतच काढलीत मी, कॉर्बीहोप. हरणाची कुठली आणि मेंढीची कुठली, मला शिकवू नका."

 म्हातारा मनात म्हणाला, हीच. हिलाच द्यायचं.

घर एका वळणानंतर एकदम समोर आलं. छपराच्या घरावर कर बसतो, बिनछपराच्या घरावर बसत नाही, म्हणून कंपनीनं कौलं उतरवली होती. भिंती शहाण्यासारख्या उभ्या होत्या. स्वयंपाकघरात खाजऱ्या पानांची झुडपं माजली होती. दार गेलं होतं, पण दारामागची खुंटी भिंतीत तशीच होती. म्हाताऱ्यानं सवयीनं टोपी काढून तिच्यावर अडकवली आणि मग आपण काय केलं ते लक्षात येऊन क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला.

चूल दगडाची होती. ती कोण नेणार? त्यानं तळातला पालापाचोळा उपसला, वाळक्या फांद्या मोडून रचल्या आणि खिशातली वीट वर ठेवली.

"पाटी वाचलीत ना?" बाई म्हणाल्या.

"वाचली. अक्षर चांगलं आहे."

फांद्यांनी पेट घेतला. हळूहळू वीट धुमसायला लागली आणि तो जुना, मातकट, गोडसर वास सुटला. मर्लबाईंनी डोळे मिटले. हा वास त्यांनी कधीच घेतला नव्हता, तरी त्या तो बराच वेळ घेत राहिल्या.

"मर्लबाई, जरा इकडं या. चुलीपुढं." म्हाताऱ्यानं घसा साफ केला. "चिमटा मागाहून घरातल्या सामानाबरोबर विकला गेला. काठीवर भागवून घेऊ." आणि मग त्यानं ती सगळी रीत सांगितली. रॅब टर्नबुलची, मीटर विचारणाऱ्या तरुणाची आणि बुटांच्या फळीची. तो इतकं सलग कधी बोलत नसे. "तुमची माणसं इथली. मेंढरं तुम्हाला कळतात. तिकडं तुमचीही कॉर्बीहोप आहे. मला हे नाव कुणाच्या तरी हातात देऊन मोकळं व्हायचंय. तेवढं घ्या."

त्यानं काठी पुढे केली. बाईंनी हात पुढे केला नाही.

"मला नका देऊ," त्या म्हणाल्या. "आम्हीसुद्धा विकली."

"काय विकलं?"

"आमची कॉर्बीहोप. मार्चमध्ये. तिथं पाइन लावतायत. भावाचे गुडघे गेले, माझ्यानं एकटीनं होईना, आणि पोरं सगळी शहरात. भावानं सही केली, मग मी केली." त्यांनी नाक पुसलं. "मी पूर्वज शोधायला नव्हते आले हो. पूर्वजांचं काय करायचंय मला? म्हटलं, इकडची एक तरी शिल्लक असेल. बघून तरी यावी."

म्हाताऱ्यानं काठी मागे घेतली. तो चुलीच्या कडेवर बसला. बाई भिंतीला टेकून बसल्या. जगाच्या दोन टोकांच्या दोन वाड्या, आणि दोन्हीकडे झाडं. 

तेवढ्यात मागच्या कोठीत फरशीवर खुर वाजला.

दाराच्या चौकटीत एक मेंढी उभी होती. तीन वर्षं न कातरलेली लोकर तिच्या अंगावरून जुन्या गादीसारखी लोंबत होती. काळं तोंड, डोळ्यांवर झिपऱ्या, उजव्या कानात पुढून खाच.

"तुमची?" बाई कुजबुजल्या.

"खूण माझी आहे." म्हाताऱ्यानं कानातल्या खाचेकडे बोट केलं. "हिला नदीकाठी विकलं होतं. गुडघ्याएवढं गवत तिथं."

"मग आली कशाला?"

"ते तिला विचारा."

खरं तर विचारायची गरज दोघांनाही नव्हती. या डोंगरावर कुंपण कधीच नव्हतं. कोकरू आईच्या मागे चरता चरता आपला डोंगर शिकतं. इथवर आपला, त्यापुढं दुसऱ्याचा. एकदा शिकलं की शिकलं. ही मेंढी नदी उतरून, डांबरी रस्ता ओलांडून आली होती. डोंगर तिला झाडांखालीही ओळखू आला होता.

मर्लबाईंनी जाकीट काढलं, दोन पावलं टाकली, आणि मेंढीला काही कळायच्या आत तिला ढुंगणावर बसवून गुडघ्यांत धरलं. "सुरी आहे?" म्हाताऱ्यानं खिशातली सुरी दिली. बाईंनी डोळ्यांवरच्या झिपऱ्या कापल्या, शेपटीखालची लेंड्यांनी घट्ट झालेली लोकर कापली. म्हाताऱ्यानं खुर तासले.

"दात गेलेत हिचे," बाई म्हणाल्या. "फार हिवाळे काढायची नाही."

"मी तरी कुठं काढणारे?"

मेंढी सोडल्यावर पळाली नाही. अंग झाडून चुलीसमोर उभी राहिली आणि बऱ्याच दिवसांनी दिसणारं जग बघू लागली.

म्हातारा उठला. त्यानं कोटाची बटणं लावली. काठीच्या टोकानं वीट चुलीत थोडी आत सरकवली आणि तीच काठी मेंढीसमोर भिंतीला टेकवून ठेवली.

"सांभाळ, कॉर्बीहोप," तो म्हणाला.

मर्लबाई हसल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरची लोकरी टोपी काढून हातात धरली होती. मेंढीनं त्याच्याकडे पाहिलं, काठी हुंगली आणि रवंथ सुरू केला.

बाईंनी चुलीच्या तोंडाशी एक फरशी उभी केली, ठिणगी बाहेर पडू नये म्हणून. रीतीप्रमाणे जाणाऱ्यानं आधी बाहेर पडायचं. म्हातारा खुंटीवरची टोपी घेऊन उंबरा ओलांडून गेला. काठीशिवाय उतरणीवर त्याला जड गेलं, तेव्हा बाईंनी न विचारता हात दिला, आणि त्यानं न बोलता धरला.

संध्याकाळी नेटी सूप वाढत होती. म्हाताऱ्यानं मागच्या दारात उभं राहून कोटाचा खिसा उलटा करून झटकला. पीटचा भुगा वाऱ्यावर गेला. तेवढ्यात फोन वाजला. नेटीनं उचलला आणि कानापासून थोडा दूर धरला.

"मामा, बाजारातून फोन आहे. शनिवारच्या मेंढ्यांच्या लिलावाचं काहीतरी. कॉर्बीहोप आहेत का म्हणून विचारतायत."

"इथं नाही म्हणावं," म्हातारा म्हणाला. "ती वर असते. डोंगरावर."

"ती? ती कोण?"

म्हातारा पानावर येऊन बसला. मर्लबाईंनी मिठाचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

नेटी त्या दोघांकडे बघत राहिली. "बरं. मग इथं कोण आहे म्हणून सांगू?"

 पेटीतला कोट अजून अंगाला येतो का हे बघावं, तसं म्हातारा हळूहळू म्हणाला, "अ‍ॅडम लेडलॉ."

नेटीनं ते नाव फोनमध्ये सांगितलं.

पलीकडचा माणूस बाजारातला, आवाज मोठा. सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू गेलं.

"कोण?"