विवेकी माणसाची स्थळपाहणी

तालुक्याच्या न्यायालयात कायद्यातला विवेकी माणूस स्वतः हजर असायचा. न्यायाधीशांच्या डाव्या हाताला, पंख्याखाली, तो ताठ बसे. त्याला नाव नव्हतं, गाव नव्हतं, जात नव्हती. म्हणूनच त्याचा शब्द निःपक्षपाती. कुठं अडलं की अशा वेळी समंजस माणूस काय करेल, हे न्यायाधीश त्यालाच विचारत.

सुरमल काळे या पारधी तरुणावर शेळ्या चोरल्याचा आरोप होता. त्याच्याकडे शेळी सापडली नव्हती, कुणी साक्षीदारही नव्हता. बाजारात पोलिसांची जीप दिसताच तो पळाला होता, एवढंच.

"तुम्ही पळाला असता?" न्यायाधीशांनी विचारलं.

"काही केलंच नसेल तर कशाला पळेन?" विवेकी माणूस म्हणाला.

सुरमलची वकील शेवंता भोसले त्याच्याच पालांवर वाढली होती. आमच्यात पोर चालायला लागलं की आधी पळायला शिकवतात, असं तिनं सांगितलं. वकिलाचा अनुभव हा पुरावा नव्हे, असं न्यायाधीश सौम्यपणे म्हणाले. मग तिनं स्थळपाहणी मागितली, आणि विवेकी माणसाला सोबत न्यायची परवानगी. ती मिळाली.

न्यायाधीश, शेवंता आणि विवेकी माणूस बाजारात शिरले. बाजार चालता चालता लांबत गेला. दुकानं तीच तीच पुन्हा येत होती, आणि प्रत्येक दुकानदार मागच्यापेक्षा जरा जास्त वेळ बघत होता. एका बाईनं पिशवी पोटाशी धरली. विवेकी माणसानं हात खिशात घातले. लोक आणखीच बघू लागले, तेव्हा बाहेर काढले.

"हे माझ्याकडं असं का बघतात?" त्यानं हळूच विचारलं.

एका हवालदारानं त्याला अडवलं. "कुठला रे तू?"

त्याला सांगता येईना.

"नाव काय?"

तेही नव्हतं. नाव नसणं हाच याचा गुण आहे, असं न्यायाधीश समजावू लागले. हवालदाराचं तिकडं लक्ष नव्हतं. तो विवेकी माणसाच्या पायांकडे बघत होता. पाय बाजारामागच्या ज्वारीच्या शेताच्या दिशेनं वळले होते.

कोपऱ्यावर जीप आली. विवेकी माणूस पळाला.

"तुम्ही थांबा," न्यायाधीश शेवंताला म्हणाले. "तुमच्या अंगावर काळा कोट आहे."

ती थांबणारच होती. तिला सगळी कलमं पाठ होती. पण जीपचं दार वाजलं आणि ज्वारीची पानं तिच्या तोंडावर सपासप बसू लागली. पुढं विवेकी माणूस धावत होता.

मागं न बघता तो म्हणाला, "वाकून पळ. कणसं हलतायत."