ट्रिपोची फुंकण्याची परीक्षा

अगं, ऐका ना. माझा भाऊ ट्रिपो कोटोर शहराच्या संघात वॉटरपोलो खेळतो. काल त्याची श्वासाची तपासणी होती, आई आणि मीही सोबत गेलो होतो. त्यात काही निघालं की हा मोसम गेलाच, म्हणून तो सकाळपासून नुसता येरझाऱ्या घालत होता.

त्याने नळीत फुंकलं. डॉक्टरबाईंच्या कपाळाला आठी. "हवा बाहेर पडायला फार वेळ लागतोय."

आईने उठून आधी खिडकी लावली. "ओल्या केसांनी वाऱ्याच्या झोतात बसतो हो. छातीत गारठा शिरलाय."

"आई, गप्प बस ना गं," ट्रिपो म्हणाला.

बाईंनी त्याला औषधाचा फवारा श्वासातून ओढायला लावला, थोडं थांबून पुन्हा फुंकायला लावलं. फरक शून्य. ट्रिपो पांढराफटक.

मग बाईच हसल्या. "अरे, दमा असता तर औषधाने फरक पडला असता. तुझी फुप्फुसं घोड्याएवढी वाढलीत, आणि श्वासनळ्या मागेच राहिल्यात. एवढी हवा एवढ्याशा वाटेने झटकन कशी निघेल? पाण्यात कधी धाप लागते?"

"कधीच नाही."

"मग खेळ. हा आजार नाही."

सही झाली आणि ट्रिपो कागद घेऊन तडक तलावाकडे पळाला. आम्ही दोघी बघत राहिलो. घराची किल्ली त्याच्याच खिशात.