पाच वाजताची बोट

"हात वर करा," गायक पिअर्स म्हणाला. "'पाच वाजताची बोट' आज वाजवायची, असं कुणाकुणाला वाटतं?"

व्हॅनमध्ये एकच हात वर झाला, तोही स्टिअरिंगवरचा.

"लोर्ना, गाडी चालवताना तरी मत देऊ नकोस, बाई," मागून गिटारवाला गॅरेथ ओरडला.

"मग तू चालव ना! लायसन्सच्या परीक्षेत तीनदा नापास झालास, तो काय माझा दोष?"

ड्रम वाजवायचे, व्हॅन चालवायची आणि या दोघांची भांडणं सोडवायची, ही तिन्ही कामं दीड वर्ष लोर्ना टिंडलकडेच होती. चौथा नील. तो बेस वाजवायचा आणि तोंड फक्त सँडविच खायला उघडायचा. बँडचं नाव 'पोस्टल ऑर्डर्स'. चारही हात वर झाल्याशिवाय काही करायचं नाही, हा नियम त्यांनी पहिल्याच दिवशी केला होता. लोकशाही म्हणे! त्या लोकशाहीपायी पहिल्या रेकॉर्डच्या कव्हरचा रंग ठरायला सात आठवडे लागले होते.

तरीही दिवस पालटले होते. 'बोट' रेडिओवर वाजली, खपाच्या यादीत अडतिसावी आली. संगीताच्या साप्ताहिकानं मुखपृष्ठावर फोटो छापला, त्यात लोर्नाचा फक्त कोपर आला. तिनं दातांच्या दवाखान्यातली नोकरी सोडली. आणि तिथून जे बिनसलं ते बिनसलंच. फोटोत मध्ये कुणी उभं राहायचं इथपासून व्हॅनची खिडकी किती उघडायची इथपर्यंत पिअर्स आणि गॅरेथचं एकाही गोष्टीवर जमेना. एकमत होतं ते एकाच बाबतीत. लोकांना जे गाणं आवडतं ते वाजवायचं नाही.

"लोक फक्त त्याच्यासाठी येतात," पिअर्स म्हणाला. "आपण काय जत्रेतला पाळणा आहोत? मागितलं की फिरायचं?"

"लोकांना आवडलं म्हणून गाणं टाकून देणारे तुमच्यासारखे शहाणे जगात दुसरीकडे सापडायचे नाहीत," लोर्ना म्हणाली. "आज हल शहरात कार्यक्रम आहे. आपल्या गावात. बाबा येणार आहेत."

"ते पुढच्या वेळी ऐकतील," पिअर्स म्हणाला.

पुढची वेळ! लोर्नाच्या नाकी नऊ आले होते. ते गाणं तिच्या बाबांचंच होतं. आयुष्यभर ते नदीपलीकडे माणसं नेणाऱ्या बोटीवर खलाशी होते. पूल झाला तशी बोट बंद पडली. ती हकिगत लोर्नानं पिअर्सला सांगितली, त्यानं शब्द लिहिले, आणि सुरुवातीचे इंजिनासारखे ठोके तिनं बसवले. बाबांनी ते आजवर समोर बसून कधी ऐकलं नव्हतं. काल फोनवर म्हणाले होते, "बोटीवरच्या तिघांनाही घेऊन येतोय गं. सांगितलंय त्यांना, आपल्यावर गाणं केलंय पोरीनं."

दुपारी तीनला ते मंचावर चढले. कार्यक्रम उघड्यावर, बागेत होता आणि बागेत चिखल होता. तरुण पोरांच्या गर्दीत पुढेच चार म्हातारे टाय लावून, बूट चिखलात रुतवून उभे होते. बाबा शेजारच्याच्या कानाला लागून सारखे लोर्नाकडे बोट दाखवत होते. लोर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहा गाणी झाली. लोक 'बोट, बोट' ओरडत होते. पिअर्स माईकमध्ये म्हणाला, "ते आम्ही आता वाजवत नाही." बाबांचं दाखवणारं बोट खाली आलं. त्यांनी तिघांकडे पाहिलं नाही, चिखलाकडे पाहिलं.

बास झालं, लोर्नाला वाटलं. तिनं इंजिन सुरू केलं. धड-धड, धड-धड.

गर्दी गरजली. पिअर्स वळला. "मत घेतलंय आपण!"

"माझं धरलंत का कधी?" लोर्ना ओरडली आणि ठोके चालूच ठेवले.

पिअर्सनं माईक जमिनीवर ठेवला आणि चालता झाला. गॅरेथनं गिटारची वायर उपटली आणि तोही उलट्या बाजूनं उतरला, एकत्र जायलाही दोघं तयार नव्हते. नीलनं एकदा या बाजूला पाहिलं, एकदा त्या बाजूला, आणि बेस धरला. शब्द लोकांनीच म्हटले, चुकत, बेसूर, अगदी शेवटपर्यंत. 'पोस्टल ऑर्डर्स' तिथेच संपले, हे लोर्नाला वाजवतानाच कळलं होतं. तिला रडू येत होतं आणि हात थांबवता येत नव्हते.

बाबा मंचामागे आले. मागे ते तिघे.

"ती दोन पोरं कुठं गेली गं मधेच?"

"त्यांना गाडी पकडायची होती, बाबा."

बाबांनी जरा विचार केला. "आम्ही पलीकडे लागेपर्यंत बोट सोडत नसू," म्हणाले. "कितीही भांडण असलं तरी."

लोर्ना स्टँडचे स्क्रू ढिले करत राहिली. चौघा म्हाताऱ्यांनी कोट काढून कुंपणावर ठेवले, मंचापासून व्हॅनपर्यंत हाताच्या अंतरावर एका ओळीत उभे राहिले, आणि एकेक ड्रम या हातातून त्या हातात देत सामान चढवू लागले.