मीठ बघणारी

आखाडात जावयाला जेवायला बोलवायचं नाही, मग बोलवायचं कधी? श्रावणात, साबुदाण्याच्या खिचडीवर? मी आमच्या ह्यांना तोंडावर विचारलं. हे म्हणजे रंगराव, धायरीतले जुने शेतकरी. शेत होतं तिथे आता इमारत आहे आणि तिच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहतो, गच्चीसकट. जमीन गेली, ताठा तेवढा राहिला.

आमच्या अपेक्षानं दोन वर्षांपूर्वी आपल्या मनानं लग्न केलं. मुलगा वर्ध्याचा, अभिनव नावाचा, तिच्याच कंपनीत. व्यसन नाही, वाकडं बोलणं नाही. पण ह्यांना न विचारता ठरवलं ना, झालं! तेव्हापासून लेकीशी अबोला. ती राहते इथं जवळच वारज्यात, पण ह्यांच्या लेखी जणू अमेरिकेत.

"बोलव," हे शेवटी म्हणाले. "पण तू बोलवतीयेस, मी न्हाई."

"बरं. मग मटणही मीच करते."

"मटणाला हात लावायचा न्हाई!"

मला तेच ऐकायचं होतं. आमच्यात मटण बाप्यांनी करायचं, तेही उघड्यावर. ह्यांचा आणखी एक नेम. जो रांधतो त्यानं मीठ बघायचं नाही. धुरानं जीभ बधिर होते म्हणे. अपेक्षा चुलीजवळ उभी राहण्याएवढी झाली तेव्हापासून मीठ तीच बघायची. हे तिच्या तळहातावर फुंकर मारून एक फोड ठेवायचे. कार्टी डोळे मिटून खायची आणि म्हणायची, "कळलं नाही तात्या, परत द्या." ह्यांना सगळं कळायचं, तरी दुसरी फोड मिळायचीच.

ती गेल्यापासून ह्यांनी मीठ कुणाला बघायलाच दिलं नाही. मला नाही, आमच्या धाकट्या ऋषीला नाही. मटण कधी खारट, कधी अळणी. आम्ही आपले गुमान गिळतो.

ऋषीनं या वेळी नवीनच टूम काढली. जाळी बसवलेली लोखंडी शेगडी विकत आणली आणि म्हणाला, "तात्या, रस्सा नको. ग्रिल करू. ताईला आवडतं."

"कोंबडं भाजायला पेटी कशाला लागती? आम्ही हुरड्याच्या आगटीत भाजत होतो," हे म्हणाले आणि पेपरात तोंड घातलं. पण पेपर काही वाचत नव्हते. 'ताईला आवडतं' एवढंच कानात शिरलं होतं. त्या दिवसापासून ह्यांच्या गुपचूप चौकशा सुरू झाल्या. खाटीक मच्छिंद्र म्हणाला, मटण मऊ हवं तर कच्ची पपई चोळा. खालच्या मजल्यावरची भाडेकरू शेफाली म्हणाली, फडक्यात टांगून पाणी काढलेलं दही लावून रात्रभर ठेवा काका. ऋषी म्हणाला, तंगडीला खोल चिरा द्या, आणि निखारे लाल असताना नाही, वर राख धरल्यावर मांडा. हे प्रत्येकाला "असं होय" म्हणायचे, जसं काही आपल्याला गरजच नाही.

शनिवारी संध्याकाळी पाहते तर हे किसणी घेऊन बसलेले. परातीत बिनहाडाचं मटण, त्यावर दही, त्यावर व्हिनेगर, आणि इमारतीमागच्या झाडाची अख्खी कच्ची पपई किसून घातलेली.

"अहो, एवढी?"

"मऊ नको व्हायला?"

मी तेव्हाच अडवायला हवं होतं.

रविवारी दुपारी दोघं आली. हे जावयाला म्हणाले, "यावं. बसावं." लेकीकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं वाकून नमस्कार केला तर ह्यांचं लक्ष निखाऱ्यांकडे! आज जमलं नाही, तर ही पोरगी पुन्हा या जिन्याची पायरी चढणार नाही, हे मला तिच्या तोंडावरून दिसत होतं.

गच्चीवरच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. कोंबडीच्या तंगड्या छान भाजल्या. मग ह्यांनी मटणाच्या सळया जाळीवर मांडल्या. मान ताठ. पहिली सळई उलटली आणि मटण तिच्यावरून घसरून जाळीतून खाली निखाऱ्यात गेलं. चर्रकन आवाज आणि धूर. दुसरी उचलली, तिचंही तेच. मटण कसलं, लापशी झाली होती.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ह्यांनी चिमटा खाली ठेवला. "हॉटेलातून मागवा," म्हणाले आणि जिन्याकडे निघाले.

"तात्या, पपई किती घातली?" अपेक्षानं मागून विचारलं.

हे थांबले. तिच्याशी बोलायचं नव्हतं, पण मटणाबद्दल कुणी विचारलं की ह्यांना गप्प राहवत नाही.

"सगळी."

"सगळी? आणि वर दही? अहो, कशाला?"

"ल्हानपणी तूच म्हणायचीस," हे जिन्याकडे तोंड करूनच बोलले. "तुमचं मटण चाववत न्हाई म्हणून. म्हटलं, या वेळी तरी चाववलं पाहिजे."

पोरीनं तोंडाला ओढणी लावली. आणि तेवढ्यात जावई उठला, बाह्या सरसावल्या आणि थेट परातीपाशी जाऊन बसला!

"अहो, राहू द्या, राहू द्या," मी ओरडले. सासरी जेवायला आलेल्या जावयानं परातीत हात घालायचा म्हणजे काय!

"वाया कशाला घालवायचं, आई?" तो म्हणाला. "खिम्यासारखंच झालंय. डाळ्यांचं पीठ आहे का? थापून तव्यावर भाजू."

मी पीठ आणलं, कांदा-कोथिंबीर आणली. ऋषीनं जाळीवर तवा ठेवला. जावई मळायला लागला. हे जिन्यापाशी उभे. खाली जाईनात, वर येईनात. जावयानं कांदा तसाच पाण्यासकट घातला, तेव्हा मात्र ह्यांना राहवेना.

"आधी पिळून घ्यावा, पाहुणं! सुटंल सगळं!"

आणि आले. मांडी घालून समोर बसले, आणि एकाच परातीत सासऱ्या-जावयाचे चार हात मळायला लागले. एक थापायचा, दुसरा तव्यावर सोडायचा. "जाड झाली," "उलटू नका अजून," असलं काहीबाही बोलत होते. मटणाचंच, पण बोलत होते.

पहिली वडी खरपूस झाली. ह्यांनी ती उचलली, मोडली, फुंकर मारली. मला वाटलं, मानाचा पहिला घास जावयाला देतील. रीत तीच आहे. पण ह्यांचा हात तसाच हवेत थांबला. मग वळले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा लेकीच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"मीठ बघ."

तिनं तळहात पुढे केला. तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं. पुसायचंही भान नव्हतं तिला. आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो, जावईसुद्धा पिठाचे हात तसेच धरून.

"कळलं नाही तात्या," ती म्हणाली. "परत द्या."

ह्यांनी दुसरा तुकडा घेतला आणि कितीतरी वेळ नुसती फुंकर मारत बसले.