साडेसात नंबरचे छर्रे

मित्रांनो, बहुतेक कोटांचे खिसे पुढे असतात. मला एक पाठीमागेही आहे, चांगला कंबरभर रुंद, आतून रबरी अस्तर लावलेला. मारलेला ससा त्यात ठेवायचा असतो. मी शिकारीचा एक जुना कोट आहे आणि न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवे गावी एका घराच्या तळघरात खिळ्याला टांगलेला असतो. माझी गोष्ट सांगताना मला लाज वाटते, पण न सांगण्याची लाज जास्त आहे.

जाड खाकी कॅनव्हासमधून मला शिवलं. छातीच्या आत काडतुसं अडकवायला पट्ट्या आल्या, कोपरांवर दुहेरी कापड आलं. एकोणीसशे एक्क्याऐंशीच्या ऑक्टोबरात दिगंबरकाकांनी मला दुकानातून घरी आणलं. काका मूळचे नागपूरचे, इथे एका रासायनिक कारखान्यात इंजिनिअर. आमच्या घरात शिकार शिरली ती शेजारच्या हर्मनमुळे. हर्मन सत्तरीला आलेले, आयुष्यभर टूलमेकर म्हणून कारखान्याची हत्यारं घडवलेले. बायको वारली होती. घरात ते आणि पेनी नावाची बीगल जातीची शिकारी कुत्री, एवढेच. एका शनिवारी त्यांनी काकांना सहज बरोबर नेलं, आणि काका त्या नादाला लागले ते लागलेच.

खोटं कशाला बोलू, मलाही ते फार आवडायचं. पहाटेचं दंव गवतावर पांढरं पसरलेलं असायचं. चालताना काटेरी झुडपं माझ्या बाह्यांना ओरबाडायची आणि मी काकांच्या अंगाला एकही काटा लागू द्यायचो नाही. मग पेनीला वास लागायचा. तिचं ते लांब सूर काढून भुंकणं सुरू झालं की काकांचं काळीज माझ्या अस्तरावर धडधडायला लागायचं. ससा सरळ पळून जात नाही, मित्रांनो. मोठा फेरा मारून तो आपल्याच जागी परत येतो. शिकाऱ्याने फक्त उभं राहायचं आणि ऐकायचं. भुंकणं दूर जातं, वळतं, जवळ येतं. त्या दहा मिनिटांत माणूस ऑफिस विसरतो, घराचा हप्ता विसरतो, आपण कुठल्या देशात उभे आहोत तेही विसरतो. आणि शेवटी पाठीच्या खिशात ते ऊबदार वजन पडायचं. मला त्या वजनाचा अभिमान वाटायचा.

मालिनीकाकू कोल्हापूरच्या. सशाचा त्या असा तांबडा रस्सा करत, की रविवारी इथल्या मराठी मंडळातली चार घरं आमच्याकडे जेवायला यायची. हर्मनही यायचे, नाक पुसत पुसत दोनदा रस्सा घ्यायचे. "सावकाश खा हं," काकू सगळ्यांना बजावत, "छर्रा दाताखाली आला तर डेंटिस्टचं बिल मी देणार नाही."

हर्मनचा नियम एकच होता. ससा दिसला तरी कुत्री कुठे आहे ते दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही.

त्र्याऐंशीच्या नोव्हेंबरातला पहिलाच शनिवार. हंगाम नुकताच उघडला होता. पेनीने मक्याच्या कापलेल्या शेताकडून ससा वळवून आणला. हर्मन डावीकडे उभे, काका उजवीकडे. ससा झुडपातून बाहेर पडला तो दोघांच्या मधूनच. पेनी मागे होती, पण गवतात दिसत नव्हती. काका थांबले नाहीत. त्यांचा खांदा माझ्यात घट्ट रुतला आणि बार उडाला. त्याच क्षणी हर्मनचाही बार झाला, पण त्यांची नळी उंच, सशाच्या पुढे धरलेली होती. काकांची खाली होती. ससा निसटला. गवतातून पेनीचं रडणं ऐकू आलं.

हर्मन धावत गेले. त्यांचं धावणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काकांनी पेनीला उचलून घेतलं आणि तिचं रक्त माझ्या छातीवर सांडलं. ते अजून पूर्ण निघालेलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी तिचा जीव वाचवला, डावा डोळा मात्र गेला. आतून काढलेले तीन छर्रे त्यांनी औषधाच्या छोट्या बाटलीत घालून दिले. दवाखान्याच्या बाकावर हर्मननी ती बाटली काकांच्या हातात ठेवली.

"माझाच बार," ते म्हणाले. "मोतीबिंदू वाढतोय, डॉक्टर बजावत होते. मी ऐकलं नाही."

काकांनी बाटली उजेडात धरली. त्यांचा दुसरा हात माझ्या खिशात होता आणि बोटं एका काडतुसाभोवती आवळलेली होती. हर्मन नेहमी सहा नंबरचे जाड छर्रे वापरायचे. काका साडेसातचे, बारीक. बाटलीतले बारीक होते. इंजिनिअर माणसाला एवढा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो.

"कोणाचा बार लागला ते कसं सांगता येणार?" काका म्हणाले.

बस, एवढंच. हे वाक्य धड खोटंही नव्हतं आणि धड खरंही नव्हतं. हर्मनच्या घरात मायक्रोमीटर होता. एका मिनिटात त्यांना छर्रा मोजता आला असता. पण शेजाऱ्याचा संशय त्यांच्या मनाला शिवलाच नाही.

त्यांनी बंदूक पुतण्याला देऊन टाकली. त्या वर्षी ते पुन्हा शिकारीला गेले नाहीत, पुढच्याही वर्षी नाही. नोव्हेंबरात शनिवार उजाडला की पेनी दारापाशी जाऊन बसायची, आणि हर्मन तिला साखळी लावून रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत फिरवून आणायचे. काकांनीही शिकार सोडली. लोक म्हणायचे, बघा, म्हाताऱ्यासाठी यानेही सोडली, केवढा मोठ्या मनाचा माणूस. ती स्तुती ऐकून काका विषय बदलायचे. मी तळघरात होतो, पण जिन्यावरून सगळं ऐकू यायचं.

पंच्याऐंशीच्या ऑक्टोबरात मालिनीकाकू कपडे धुवायला खाली आल्या. काकाही तिथेच होते.

"अहो, हर्मनचं डोळ्यांचं ऑपरेशन छान झालंय," काकू म्हणाल्या. "बारीक प्रिंटसुद्धा वाचतात आता. तरी म्हणतात, माझा माझ्या हातावर भरवसा नाही. तुम्ही एकदा कन्व्हिन्स करा ना त्यांना. तुमचं ऐकतील."

काकांनी धुण्याचं मशीन बंद केलं. मग म्हणाले, "त्यांच्या हाताचा काही दोष नव्हता. छर्रे माझे होते."



"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

काकूंनी हातातला टॉवेल खाली ठेवला. "दोन वर्षं तो माणूस आपल्या टेबलावर जेवतोय," त्या म्हणाल्या. "आणि मी त्याची समजूत काढतेय, की होतं असं म्हातारपणी. उठा. आत्ता जा."

"आता कोणत्या तोंडाने जाऊ?"

"आहे त्याच."

काकांनी मला खिळ्यावरून काढलं, अंगात घातलं आणि ते कुंपण ओलांडून गेले. मला का घेतलं ते ठाऊक नाही. बाहेर थंडी होती खरी. हर्मन स्वयंपाकघरात कॉफी पीत बसले होते. काकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पेनी आली आणि माझा खालचा काठ हुंगायला लागली. तिला माझ्यात अजून सशाचा वास येत असणार.

हर्मननी कप खाली ठेवला. "शिकारीत कुत्र्याला छर्रा लागतो," ते सावकाश म्हणाले. "चाळीस वर्षांत दोनदा पाहिलंय. हे नव्हतं पाहिलं."

"मला माफ..."

"मी बहात्तर वर्षांचा आहे, डिग. दोन हंगाम गेले." मग त्यांनी दाराकडे पाहिलं. "आता जा तू."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. परत येताना काकांच्या अंगाचा घाम माझ्या अस्तराला लागला, एवढ्या थंडीत.

पुढच्या आठवड्यात हर्मननी पुतण्याकडून बंदूक परत आणली. एकडोळी पेनी गाडीत उडी मारून बसली. काकांना त्यांनी बोलावलं नाही, आणि काकांनीही ते मनात धरून ठेवलं नाही. फक्त त्या हंगामात एका सकाळी काका मला घालून त्या शेताच्या कडेला गाडी लावून उभे राहिले. बंदूक नव्हती. दूर पेनीचा लांब सूर उठला, फिरला, जवळ आला. मग एकच बार झाला. काकांचा चेहरा आधी फुलला, मग शरमेने लाल झाला, आणि आम्ही घरी आलो.

हर्मनना त्यानंतर आणखी एकच हंगाम मिळाला. सत्त्याऐंशीच्या वसंतात ते गेले.

मित्रांनो, माझ्यासारख्या कोटाला तुम्ही घासूनपुसून ठेवलंत तर उपकार होतील, पण मला मागायचं आहे ते वेगळंच. आपल्या हातून कोणाला इजा झाली तर त्याच दिवशी, त्याच बाकावर बसून सांगा. दिगंबरकाकांनी सांगितलं, त्याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे. पण चार हंगामांचं आयुष्य उरलेल्या माणसाचे दोन आम्ही खाल्ले, आणि पाठीच्या खिशात एवढं जड काही मी आजवर वाहिलेलं नाही.