बळीराम गवंड्याची कमान

मथुराबाईंनी पदर कमरेला खोचला, एक हात गुडघ्यावर ठेवला आणि प्रार्थनामंदिराच्या दारातून वाकून आत शिरल्या. दार चांगले साडेसहा फूट उंच होते. पण कमानीखालचा लाकडी साचा, त्याचा आडवा वासा आणि टेकू बळीराम गवंड्याने अजून काढले नव्हते, त्यामुळे फुलसावंगीची सगळी ख्रिस्ती मंडळी दसऱ्यापासून अशीच अर्धी होऊन देवासमोर जात होती. आत पोहोचल्यावर बाई टप्प्याटप्प्याने सरळ झाल्या.

"देवापुढं वाकाले माही ना नाही, बापा. पन तुह्या लाकडापुढं किती दिवस वाकाव?"

बळीराम आतल्या भिंतीला गिलावा करत होता. त्याने मान वळवली नाही.

"चुना ओला हाये, मावशी."

चुना ओला नव्हता. हे त्याला ठाऊक होते आणि गावात दुसऱ्या कोणाला चुन्यातले कळत नव्हते, म्हणून हे उत्तर दीड महिना चालून गेले. एरवी विसाव्या-एकविसाव्या दिवशी साचा उतरवतात. बळीराम मात्र रोज सकाळी येऊन टेकूंना हात लावायचा, वर बघायचा आणि थापी घेऊन दुसऱ्याच भिंतीकडे वळायचा.

मुळात ही कमान त्याने अंगावर घेतली तीच एका चुकीने. पाळक शांतवन यांनी बांधकामाच्या प्रार्थनेत शेवटी म्हटले होते, "आणि प्रभू, दारावर कमान घालणाऱ्या बळीरामभाऊंच्या हातांना आशीर्वाद दे." डोळे मिटलेले, सगळे एका सुरात 'आमेन' म्हणाले, आणि सवयीने बळीरामही म्हणाला. डोळे उघडल्यावर आपण काय कबूल केले ते त्याच्या ध्यानात आले. पण देवासमोर हो म्हणून बसल्यावर माघार कशी घेणार?

दोन वर्षांपूर्वी ढाणकीत एका मोठ्या शेतकऱ्याच्या फाटकावर त्याने अशीच कमान घातली होती. मालकाला घाई होती, बाराव्या दिवशी साचा काढायचे ठरले. गवंड्यांची जुनी रीत अशी, की साचा निघताना बांधणाऱ्याने स्वतः कमानीखाली उभे राहायचे. बळीराम त्या दिवशी दोर धरून बाहेर उभा राहिला. त्याची बायको रुक्माबाई पडलेल्या विटा गोळा करायला खालून गेली, आणि तेवढ्यात कमान खाली आली. तिचा डावा पाय घोट्याशी चेचला. तेव्हापासून ती लंगडते. फुलसावंगीत त्यांनी सांगितले होते, की ती बैलगाडीवरून पडली. आणि तेव्हापासून बळीरामने सरळ भिंतीच बांधल्या. दारा-खिडक्यांवर लाकडाची तुळई टाकायची आणि मोकळे व्हायचे.

शनिवारी दुपारी पाळकसाहेब आले, तेही वाकूनच. दुसऱ्या दिवशी मंदिराचा समर्पणविधी होता, यवतमाळहून मिशनचे पाहुणे येणार होते. साहेबांनी बाकावरची धूळ रुमालाने झटकली आणि बसले.

"पाहुणे वाकून आले तरी चालेल, बळीराम. त्याचं मला काही नाही. पण खरं सांग, चुना ओला आहे का?"

बळीरामने थापी पाटीत ठेवली.

"नाही, साहेब."

"मग?"

"मले भेव वाटते. माह्या हातचं उभं राह्यते, असं मले आता वाटतच नाही."

पाळकसाहेबांनी बायबलचे वचन सांगितले नाही, खांद्यावर हात ठेवला नाही. ते म्हणाले, "दर रविवारी व्यासपीठावर चढताना माझे पाय कापतात. बावीस वर्षं झाली."

"मंग तुमी काय करता?"

"प्रार्थना करतो आणि चढतो. कापणं थांबतं असं नाही. पण प्रभूने मला निडर हो म्हणून बोलावलेलं नाही. ये म्हणून बोलावलंय."

एवढे बोलून ते उठले आणि वाशाला डोके आपटणार नाही अशा बेताने बाहेर पडले.

दोन वर्षे बळीरामची एकच प्रार्थना होती, पडू नको देऊ. भिंत बांधताना तीच, जेवताना तीच. तो चुन्याच्या भुकटीतच गुडघ्यांवर आला. आज तोंडात वेगळेच शब्द आले.

"प्रभू, या हातांवर माहा इस्वास नाही. तुह्यावर हाये. हे हात तुलेच देल्ले. आता तू पाह्य."

मग तो उठला, हातोडा घेतला आणि कमानीखाली, साच्याच्या बरोबर मधोमध जाऊन उभा राहिला. भीती होती तिथेच होती, पण पाय मागे सरले नाहीत.

मागून पाय ओढल्याचा आवाज आला. रुक्माबाई पाण्याची घागर खाली ठेवून त्याच्याशेजारी येऊन उभी राहिली.

"तू बाहेर हो."

"कायले?"

"रुक्मा, आयक माह्यं. बाहेर हो."

"या कमानीची एकूनएक वीट म्या उचलून देली," ती म्हणाली. "मले मालूम हाये कशी बसवली ते. तुमी रोज हात धुऊन, प्रार्थना करून वीट हाती घेत होते, ते बी म्या पाह्यलं. मारा हातोडा."

बळीरामने तिच्याकडे पाहिले, मग वर. आणि पहिल्या टेकूखालच्या पाचरीवर घाव घातला.

पूर्ण ताकदीने मारलेला घाव फुकट गेला. पाचर काही झुंजलीच नाही, सटकून पार बाहेरच्या धुळीत जाऊन पडली. दुसरी पाचर त्याने नुसत्या बोटांनी ओढली, तीही निघून आली. त्याला काही समजेना. दोघांनी मिळून साचा हातांवर घेतला आणि बेताबेताने खाली उतरवला.

वर कमान जागच्या जागी होती. एक खडासुद्धा पडला नाही.

बळीराम साच्यावर ओणवा झाला. विटांना आकार द्यायला वर लिंपलेला मातीचा थर वाळून तडकला होता, बाभळीचे लाकूड सुकून आक्रसले होते. मातीवर कोळ्याचे जाळे होते, धुळीने भरलेले, जुने. साचा आणि विटा यांच्यामध्ये बोटभर फट असल्याशिवाय तिथे कोळ्याला घर करता आले नसते. म्हणजे कितीतरी दिवसांपासून कमान कोणाच्याही आधाराशिवाय उभी होती.

रुक्माबाईनेही ते पाहिले.

"मंग एवढे दिवस हे लाकडं काय धरून होते?"

"मले," बळीराम म्हणाला.

आणि तो हसायला लागला. हसता हसता खाली बसला आणि चुन्याने पांढऱ्या झालेल्या हातांत तोंड घालून रडला. त्याला इतका आनंद झाला होता, की तो कुठे ठेवावा ते त्याला कळत नव्हते. रुक्माबाई जवळ बसून राहिली. मंदिर झाडायला आलेल्या मथुराबाईंनी दारात थबकून दोघांकडे पाहिले, वर कमानीकडे पाहिले, आणि झाडू तिथेच ठेवून सगळ्या वस्तीला सांगत सुटल्या.

रविवारी मंदिर भरून गेले. पाहुण्यांची भाषणे झाली, गाणी झाली. मग रिवाजाप्रमाणे पाळकसाहेबांनी विचारले, "कोणाला साक्ष द्यायची आहे का?"

साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगायला, उठणारी माणसे ठरलेली असत आणि ती लांबण लावीत. मंडळी सावरून बसली. पण उठला तो शेवटच्या रांगेतला बळीराम. तो या मंडळीत आल्यापासून एकदाही उभा राहिला नव्हता.

"माही बायको गाडीवरून पडली नाही," तो म्हणाला. "ढाणकीत माही कमान पडली, तिच्या पायावर. म्या ते तुमच्यापासून लपवलं. देवानं मले तरी बी टाकलं नाही."

बायकांच्या बाजूला रुक्माबाई मान ताठ करून बसली होती.

बळीरामला खाली बसायचे होते, पण त्याची नजर भिंतीवरून फिरत खिडक्यांकडे गेली, आणि तो उभाच राहिला.

"आनखी एक, साहेब. या सहा खिडक्यायवर म्या तुळया टाकल्या, त्या उद्या काढतो. तिथं बी कमानी घालाच्या हायेत."